लाल रेघेबाहेरचं गॅरेज

आर्किटेक्चरच्या स्टुडिओत एक वर्ष काढलं की टेबलाखाली दोन गोष्टी साठतात, पुठ्ठ्याचे तुकडे आणि किस्से. पुठ्ठा निदान रीसायकलच्या डब्यात तरी जातो. किश्श्यांचं काय करायचं? नवऱ्याला सांगायला जावं तर तो लॅपटॉपवरून मान वर न करता "हं, हं" करतो. लेक म्हणते, "आई, यू टोल्ड मी दिस वन." म्हणून आता तुम्ही सापडलात. चहा घ्या आणि ऐका.

माझं वय एकेचाळीस. नागपूरला सहा वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम केलं, मग नवऱ्याच्या नोकरीमागे मॅसॅच्युसेट्सला आले आणि व्हिसापायी दहा वर्षं घरी बसले. काम करायची परवानगी आली तेव्हा कळलं की इथलं लायसन्स हवं तर इथली डिग्री हवी. घेतली ॲडमिशन. माझ्या वर्गातली पोरं जन्मली तेव्हा मी बारावीच्या नोट्स पाठ करत होते. थकलेले तर आमच्या स्टुडिओत सगळेच असतात, पण पोरांचा थकवा रविवारी झोपून जातो. माझा सोमवारीही माझ्याबरोबरच बसमध्ये चढतो.

विषय होता पॅसिव्ह हाऊस. म्हणजे थर्मासच समजा. भिंती हातभर जाड, खिडक्यांना तीन-तीन काचा, कुठे फट म्हणून नाही. फर्नेस, म्हणजे घर तापवायची भट्टी, जवळपास लागतच नाही. ऊन, फ्रिजमागची गरमी, माणसांच्या अंगाची ऊब, एवढ्यावर घर हिवाळाभर गरम राहतं. ताजी हवा एका मशीनमधून येते, आणि जाणाऱ्या हवेतली ऊब ते मशीन काढून घेतं.

आमची प्रोफेसर हॅना, तिचा एक नियम. प्रत्येकाने एक खरं कुटुंब शोधायचं आणि वर्षभर त्यांच्यासाठी घर डिझाइन करायचं. शेवटच्या दिवशी ते कुटुंब ज्युरीत बसतं आणि हॅना प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते, या घरात राहाल का? सगळे "येस" म्हणाले तर पास. एकजण जरी "नो" म्हणाला, तर पुढच्या वर्षी स्टुडिओ परत, पहिल्यापासून.

माझ्यात आणखी एका वर्षाचं त्राण नव्हतं. हे आत्ताच सांगून ठेवते.

*

कुटुंब मला मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरच्या डब्यांच्या जेवणात, मिळालं. श्रूजबरीचे सबनीस काका आणि काकू. काका रिटायर्ड इंजिनिअर, राहत्या घराशेजारचा रिकामा प्लॉट घेऊन ठेवलेला आणि तिथे नवं घर बांधायची फार हौस. हातातली श्रीखंडाची वाटी खाली ठेवून त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला.

मी त्यांना हॅनाचा फॉर्म पाठवला. चौसष्ट प्रश्न. सकाळी किती वाजता उठता, कुठल्या खोलीत जास्त बसता, थंडी कुठे वाजते, असे. दोन कॉलम होते, नवऱ्यासाठी एक, बायकोसाठी एक. काकांनी दोन दिवसांत फॉर्म परत पाठवला, सगळी उत्तरं टाइप केलेली, दोन ठिकाणी तर छोट्या आकृत्याही.

काकूंच्या कॉलममध्ये वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता. "वरीलप्रमाणे."

मी काकूंना फोन केला. म्हटलं, काकू, तुमची उत्तरं तुम्हीच द्या ना. तर म्हणाल्या, "अगं, ह्यांनी विचारपूर्वक भरलाय."

*

पॅसिव्ह हाऊसमध्ये ऊन दक्षिणेकडून आत घ्यावं लागतं. मोठ्यात मोठ्या खिडक्या दक्षिणेला. मला नागपूरचा अनुभव. दक्षिण म्हटलं की क्लायंट कसा दचकतो ते माहीत. म्हणून मी बारा स्लाइड केल्या. सूर्याचा मार्ग, डिसेंबरचं ऊन, जूनचं ऊन, सगळं. शनिवारी श्रूजबरीला जाऊन काकांसमोर लॅपटॉप उघडला.

काकांनी पहिल्याच स्लाइडला हात वर केला. म्हणाले, वास्तूबिस्तू आपण मानत नाही, आयुष्यभर सायन्स केलंय, तू बिनधास्त पुढे जा. मला इतकं हायसं वाटलं की मी लॅपटॉप बंदच केला. अकरा स्लाइड दाखवायच्या वाचल्या.

मी जोडे घालत होते तेव्हा काका दारापर्यंत आले.

"फक्त दक्षिणेला खिडकी नको," ते म्हणाले. "टीव्हीवर ग्लेअर येतो."

*

आता गणपतीचा किस्सा.

घराचा हिशेब करायला आमच्याकडे एक सॉफ्टवेअर आहे. घरात माणसं किती हे त्यात भरायचं, कारण प्रत्येक माणूस म्हणजे एक चालता-बोलता छोटा हीटर. मी "दोन" लिहून मोकळी होऊ शकले असते. पण माझा स्वभाव मेला प्रामाणिक. भारतातून सहा-सहा महिने येणारे पाहुणे धरले. बॉस्टनचा मुलगा, सून, नात धरली. आणि सप्टेंबरातल्या दीड दिवसांसाठी वेगळा हिशेब करून चाळीस माणसं धरली.

स्क्रीन लाल झाली. चाळीस माणसं, थर्मास, वर गॅसवर मोदक. घरात उकडून निघणार होते सगळे.

हॅनाने शांतपणे विचारलं, ही चाळीस माणसं कोण? मी सांगितलं, गणपतीला येतात. ती म्हणाली, गणपती या घरात राहतो का? मी म्हटलं, नाही, पाहुणा आहे, दीड दिवस राहतो. तिने चष्मा काढला.

"एक पाहुणा दीड दिवस येतो आणि त्याला भेटायला चाळीस माणसं येतात? आहे कोण तो, गव्हर्नर?"

माझ्या शेजारी मीरा बसते. इथल्याच अल्फारेटा गावात वाढलेली मुलगी, आईबाप साताऱ्याचे, मराठी सगळं कळतं पण बोलते इंग्लिश. ती स्वतःच्या मॉडेलवरून नजर न हटवता म्हणाली, "हायर."

त्यानंतर महिनाभर हॅना दर सोमवारी मला विचारायची, गव्हर्नरच्या वरच्या साहेबांचं काय ठरलं? शेवटी वरच्या खिडक्या त्या दीड दिवसापुरत्या उघडायच्या असं ठरलं. खिडकी उघडायची, हे शोधायला आम्हाला एक महिना लागला.

*

हॅनाची आणखी एक परीक्षा म्हणजे लाल रेघ. घराचा उभा छेद काढायचा, लाल पेन्सिल घ्यायची आणि घराभोवतीचं हवाबंद आवरण एका रेघेत काढायचं. पेन्सिल उचलायची नाही. उचलावी लागली, तर तिथे फट आहे. रेघेच्या आत ते गरम, बाहेर ते थंड, सरळ हिशेब.

आमच्यातला टायलर ओहायोच्या शेतकऱ्याचा मुलगा, सहा फूट तीन इंच. सबमिशनच्या दिवशी दुपारी जेवणानंतर तो लाल रेघ काढायला बसला आणि अर्ध्यात त्याला झोप लागली. डोकं टेबलावर, हातात पेन्सिल. झोपेत हात सरकत गेला. रेघ छतावरून निघाली, कागदाबाहेर गेली, टेबलावरून उतरून थेट मीराच्या मॉडेलवर चढली.

हॅना आली. त्याला उठवलं नाही. वाकून रेघ पाहिली आणि त्याच्या कोपराशेजारी बारीक अक्षरात लिहून गेली, "एअर लीक."

*

जानेवारीत आम्ही काकांचं राहतं घर तपासायला गेलो. नवं घर करायचं तर जुन्यात थंडी कुठून शिरते ते कळायला हवं. दारात एक मोठा पंखा बसवतात, तो घरातली हवा बाहेर ओढतो, आणि मग जिथे जिथे फट असेल तिथून वारं आत येतं. धूर धरला की दिसतं. मीरा मदतीला होती. आमची धुराची कांडी स्वयंपाकघरापर्यंतच संपली. काकूंनी मुकाट्याने देवघरातून उदबत्तीचा पुडा आणून दिला.

काका उदबत्ती घेऊन खिडकीखिडकीशी उभे. मीरा मागून फोटो काढतेय. जेवणाच्या टेबलामागच्या खिडकीशी धूर आडवा झाला. काका हरखले. "सापडली," म्हणाले, आणि वहीत नोंद केली. काकू तिथेच खुर्चीत शाल घट्ट करून बसल्या होत्या. ती त्यांची रोजची खुर्ची.

"एकतीस वर्षं सांगतेय, इथून वारं येतं," त्या म्हणाल्या. "उदबत्तीनं सांगितल्यावर पटलं."

काका पुढच्या खिडकीकडे गेले होते.

*

फेब्रुवारीत एका दुपारी मी काकूंच्या स्वयंपाकघराची मापं घ्यायला गेले. बाहेर बर्फ, ड्राइव्हवेवर काकांची गाडी बर्फाखाली. स्वयंपाकघर असं चकाचक की शोरूममध्ये उभी आहे वाटलं. डिशवॉशरमध्ये स्टीलचे डबे, ओव्हनमध्ये तवे आणि कढया. तेही ठीक, आपल्या सगळ्यांकडे तसंच असतं. पण शेगडीवर तेलाचा एक थेंब नाही! आणि घरात तर पुऱ्यांचा वास.

वासामागे गेले. मधलं दार उघडलं तर गॅरेज. टेबलावर दोन बर्नरची इलेक्ट्रिक शेगडी, मोठं दार कमरेपर्यंत वर केलेलं, आणि ओव्हरकोट, लोकरी टोपी, बोटं कापलेले हातमोजे घालून सबनीस काकू पुऱ्या तळतायत. शेल्फवर फोन ठेवलेला, त्यावर बहिणीशी गप्पा चालू. फोल्डिंगच्या खुर्चीत समोरच्या घरातली लिंडा कॉफीचा मग घेऊन, पायाशी तिचा कुत्रा. रस्त्यावरून पोस्टाची बाई हात करून गेली. काकूंनी मला बघून बहिणीला सांगितलं, "थांब गं, आमची आर्किटेक्ट आलीय."

काकूंनी सांगितलं, मुलगा दुसरीत होता तेव्हा शाळेत कोणी तरी म्हणालं, तुझ्या जॅकेटला वास येतो. दुसऱ्या दिवशी काकूंनी स्वयंपाक गॅरेजमध्ये हलवला. त्या मुलाला आता स्वतःची मुलगी आहे.

परत येताना गाडीत मला रडू आलं. इतके हिवाळे एक बाई ओव्हरकोट घालून पोळ्या करतेय आणि आम्ही उदबत्त्या फिरवतोय. मी ठरवूनच टाकलं. ते घर पास होवो न होवो, काकू लाल रेघेच्या आत येणार.

*

सोमवारी मी काकूंच्या दिवसाचा नकाशा करून हॅनाला दाखवला. घरातून गॅरेज, गॅरेजमधून घर, डाळ आत, पुऱ्या बाहेर, ताट आत. दिवसातून किती तरी वेळा ते मधलं दार उघडतं आणि प्रत्येक वेळी थंडी आत.

आमच्या भाषेत, भिंतीतल्या ज्या जागेतून थंडी आत चालत येते तिला थर्मल ब्रिज म्हणतात. लोखंडी तुळई, बाल्कनीचा स्लॅब, असलं काहीतरी.

हॅनाने नकाशावरच्या काकूंच्या वाटेवरून बोट फिरवलं.

"तुझ्या घरातला सगळ्यात मोठा थर्मल ब्रिज," ती म्हणाली, "या बाई आहेत."

मग दोन महिने मी त्या एका खोलीमागे लागले. मुख्य स्वयंपाकघराला लागून छोटं फोडणीघर. त्याला स्वतःचं घट्ट दार, स्वतःचा पंखा, बाहेरची हवा आत यायला स्वतःची वाट, मागच्या अंगणाकडे खिडकी. वास कुठे जाणार नाही, ऊब कुठे जाणार नाही. सॉफ्टवेअर दर वेळी लाल व्हायचं, मी दर वेळी परत बसायचे. सतराव्या वेळी ते हिरवं झालं. मी मीराला मिठी मारली. ती म्हणाली, "यू स्मेल लाइक ग्लू."

काकूंना ड्रॉइंग दाखवायला गेले. चष्मा लावून त्यांनी नीट पाहिलं. म्हणाल्या, "चालेल."

आता हे "चालेल" म्हणजे काय ते तुम्हीच सांगा. मी ते हजार वेळा ऐकलंय, हजार वेळा म्हटलंय. आवडलं तरी चालेल, नावडलं तरी चालेल. मी विचारलं, काकू, खरंच आवडलं ना? तर म्हणाल्या, "तू एवढं केलंयस." आणि मला डबाभर चकल्या दिल्या. मी तो होकार धरला.

*

घरचंही सांगते. आम्ही राहतो त्या अपार्टमेंटचं हीटिंग बिल्डिंगवाल्यांच्या हातात. जानेवारीत रेडिएटर असा तापतो की बेडरूमची खिडकी उघडी ठेवावी लागते. बाहेर बर्फ, आत मी बनियन घालून उघड्या खिडकीशी बसून जगातलं सगळ्यात हवाबंद घर काढतेय.

नवरा एक दिवस मागे येऊन उभा राहिला. स्क्रीन बघितली, खिडकी बघितली.

"काय होऊन राहिलं बाप्पा हे?" एवढंच म्हणाला आणि गेला.

*

आणि आता शेवटचा दिवस.

मे महिना, ज्युरीचा हॉल. आदल्या दिवसाची पूर्ण दुपार मॉडेल चिकटवण्यात गेली होती आणि माझ्या बोटांना अजून गोंद होता. मॉडेल छान झालं होतं, मीच म्हणते. छप्पर उचललं की आतल्या खोल्या दिसायच्या, फोडणीघराच्या दाराला तर खरी बिजागरी लावली होती. गॅरेज तेवढं वेगळं, सुटं, नुसतं शेजारी ठेवलेलं, कारण ते आवरणाबाहेर. साध्या पुठ्ठ्याचं, रंगही दिला नव्हता.

टायलरची आजी "येस" म्हणाली. मीराने शोधलेलं कुटुंब "येस" म्हणालं. मग मी. वीस मिनिटं बोलले. फोडणीघराचं दार तर दोनदा उघडून दाखवलं.

हॅनाने काकांना विचारलं. काकांनी सूट घातला होता. त्यांनी उभं राहून दहा मिनिटं भाषण केलं, माझं कौतुक केलं, टीव्हीच्या ग्लेअरचा प्रश्न पडद्याने सुटल्याचं जाहीर केलं आणि शेवटी म्हणाले, "येस. वी आर व्हेरी हॅपी."

"थँक यू," हॅना म्हणाली. "मिसेस सबनीस?"

काका म्हणाले, शी ऑल्सो. हॅनाने हात किंचित वर केला आणि काकूंकडेच बघत राहिली.

काकू उठल्या. पदर सावरत मॉडेलपाशी आल्या. फोडणीघराचं दार बोटाने उघडून पाहिलं, लावून पाहिलं. खिडकीतून वाकून पाहिलं. मग हात पुढे करून त्यांनी ते सुटं गॅरेज उचललं आणि तळहातावर ठेवलं.

"घर छान झालंय गं," त्या मला म्हणाल्या. "हे राहतील त्यात. आवडेल ह्यांना. पण मी तर इथे असते. बहिणीशी बोलते इथे, लिंडा येते, येणारं-जाणारं दिसतं. त्या तुझ्या खोलीतून नुसतं मागचं अंगण दिसतं. हे गरम करता आलं असतं का?"

हॉलमध्ये मराठी कळणारी माणसं चारच. काका जमिनीकडे बघत होते. मीरा माझ्याकडे बघत होती.

"व्हॉट डिड शी से?" हॅनाने मला विचारलं.

खोटं नाही सांगत, मनात आलं. "घर छान झालंय" एवढंच सांगायचं. तेही त्या म्हणाल्याच होत्या. तेवढ्यावर मी पास होत होते, उन्हाळाभर झोपणार होते. नवऱ्याला सांगितलं होतं, हे शेवटचं. आणि काकूंनी वाद घातला नसता, "चालेल" म्हणाल्या असत्या.

मी सगळं सांगितलं. बहीण, लिंडा, मागचं अंगण, सगळं. शेवटचा प्रश्नही सांगितला.

हॅना मला म्हणाली, "आस्क हर. इज दॅट अ येस ऑर अ नो?"

काकूंनी माझ्या भाषांतराची वाट पाहिली नाही.

"नो," त्या म्हणाल्या.

मग गॅरेज माझ्या हातात देऊन हळूच मराठीत म्हणाल्या, "पुढच्या वर्षी येईन मी परत. तेव्हा आधी मला विचार."